शेकड्यावरचे पाच

लिहून ठेवणार श्रीमती शेवंती धोंडिराम धुरी, वय वर्षे एकसष्ट, धंदा पूर्वी कॉलेजांना बेडूक पुरवणे, हल्ली अंथरूण धरणे, राहणार खोली नंबर सात, डोंगराच्या बाजूची चाळ, भांडुप पश्चिम, मुंबई. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, त्यात कॅन्सर आहे, आणि मी पावसाळ्याचे नाव काढले तेव्हा डॉक्टरांनी दुसरीकडे बघितले. मला कोणी दम दिलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट गेले दोन महिने जो तो मला हे करू नको म्हणून सांगतो आहे. मी चौथी शिकले आहे, पण बसवत नाही, म्हणून मी सांगते आणि कोर्टातून रिटायर झालेले शेजारी काशीराम बाळा तावडे लिहितात. माझे शब्द त्यांनी सुधारायचे नाहीत असे आमचे ठरले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. असलेच कुठे निघाले तर ते खोटे समजावे आणि कोणी केले ते लवूला विचारावे. लवू म्हणजे माझा धाकटा दीर. त्याचे कलम पुढे आहे.

कलम पहिले. वर लिहिलेली खोली सोसायटीची असून शेअर सर्टिफिकेट माझ्या एकटीच्या नावावर आहे. ही खोली बेडकांवर घेतली. यजमानांच्या छातीत कापूस भरला म्हणून त्यांनी गिरणी सोडली, आणि कॉलेजात मुलांना चिरायला बेडूक लागतात असे त्यांना गाववाल्याने सांगितले. यजमान गॅसबत्ती घेऊन भातखाचरांत जायचे, मी ओल्या गवताच्या पाट्या डोक्यावर घेऊन कॉलेजे करायची. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, एकूण आठ कॉलेजे. बसमध्ये पाटी उड्या मारायची, त्यामुळे माझ्या शेजारी कोणी बसत नसे आणि मला पाय पसरायला जागा मिळायची. १९७८ साली यजमान घोणस चावून गेले. तेव्हापासून बत्तीही मीच धरली. चाळीत मला बेडूकवाली म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण ऐकू येते.

पोस्टातले पैसे मी या महिन्यात काढून पुढे कलम चौथ्यात लिहिलेल्या कामाला दिले आहेत, त्यामुळे ते या कागदात शोधू नयेत.

कलम दुसरे. हे कलम मिळकतीचे नाही, पण याच्याशिवाय बाकीचा कागद कळणार नाही. काशीराम म्हणतात, असले मृत्युपत्रात लिहीत नाहीत. लिहा.

आमच्या धंद्यात बेडूक शेकड्याने जातो. एका हातात पाच धरायचे, असे वीस हात झाले की शेकडा. वाटेत काही मरतात, म्हणून शेकड्यावर पाच वर द्यायचे. कोकणात आंब्याच्या शेकड्यावर वर घालतात तसेच. हे वरचे पाच कोणी मोजत नाही, लिहीत नाही. आता शेकड्यातला बेडूक मोठा लागतो, तो चिखलात उतरून धरावा लागतो. वरच्या पाचांना मात्र काही अट नव्हती. आमच्या परतीच्या वाटेवर एक ओला कातळ आहे, त्यावर पावसाळ्यात अंगठ्याएवढे बेडूक चिकटून बसलेले असायचे. पाठ कातळाच्याच रंगाची, पोटावर शाई सांडल्यासारखे ठिपके. पळत नसत. त्यांची पिल्ले पाण्यात पोहत नाहीत, कातळावरच सरपटतात. जाता जाता हात फिरवला की पाच मिळायचे. त्यांना नाव नव्हते, आम्ही त्यांना ‘वरचा’ म्हणायचो. कॉलेजात ते चिरायलाही उपयोगाचे नव्हते. प्रयोगशाळेचा शिपाई दादू शंभर मोजून घ्यायचा आणि वरचे पाच मागच्या गटारात ओतायचा. तो आज इथे साक्षीला बसला आहे आणि मान खाली घालून आहे. त्याचा काय दोष, त्याला बादली रिकामी पाहिजे असायची.

असे एकोणीस पावसाळे. मुलुंडच्या कॉलेजातल्या मीरा मॅडमनी कागदावर आकडा मांडला, साडेतीन हजारांच्या वर गेला. ब्याऐंशी साली पाचाच्या जागी तीनच सापडू लागले होते. मला दिसत होते. मी दोन दुसरीकडचे घातले आणि पाच पुरे केले.

कलम तिसरे. हे मी शपथेवर सांगते आणि हे कुठल्याही कचेरीत दाखवायला माझी हरकत नाही.

प्राध्यापिका मीरा अंबादास साळवे ब्याऐंशी साली मुलुंडच्या कॉलेजात लागल्या. दादूने बादली ओतायच्या आधी त्यांनी तिच्यात बघितले, एवढेच झाले. वरचा बेडूक त्यांच्या कुठल्या पुस्तकात नव्हता. त्यांनी मला विचारले, “मावशी, हा कुठला गं?” मी म्हटले, कांजूरमार्ग.

ही थाप माझी नव्हे, यजमानांची. आमच्यात आपली जागा कोणी सांगत नाही. प्रत्येकाची एक खोटी जागा ठरलेली असते. यजमानांनी लग्नानंतर मला पहिली शिकवण हीच दिली होती: “कोण इचारल्यान तर कांजूरमार्ग सांग. थंय जावन परत इचारूक कोण येवचो नाय.” मिठागरे आणि खाजणातला चिखल, कोण जाणार. त्यामुळे माझ्या तोंडून ते आपोआप गेले, कोणी नाव विचारले की नाव सांगावे तसे.

मीरा मॅडम गेल्या. दोन पावसाळे त्या कांजूरमार्गच्या चिखलात गुडघाभर उतरल्या. काचेने पाय कापला, पू झाला, महिनाभर त्या काठी घेऊन शिकवत होत्या. मी दर आठवड्याला पाटी घेऊन जायची, त्यांचा पाय बघायची आणि काही बोलायची नाही. आज बोलू, उद्या बोलू असे म्हणत दोन वर्षे गेली.

पुढे शहरातल्या एका धर्मादाय संस्थेने त्यांना तीन वर्षांचा खर्च द्यायचे कबूल केले. मॅडम सांगतात, वाघासाठी पैसे देणारे पुष्कळ असतात, बेडकासाठी पहिल्यांदाच कोणी हो म्हटले होते. पंच्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये संस्थेची माणसे पाहणीला आली, बरोबर एक म्हातारे शास्त्रज्ञ. ते त्या चिखलात उभे राहून हसले. म्हणाले, खाऱ्या चिखलात कातळावरचा बेडूक राहील कसा, बाई? मॅडमच्या बाटलीतला बेडूक दुसरीकडून आणलेला आहे आणि अर्जातली माहिती खोटी आहे, असे कागदावर आले. पैसे गेले. कॉलेजने संशोधनाची खोली काढून घेतली. त्यांच्या नावाला जो डाग लागला तो माझा आहे.

त्या दिवशी मॅडम सरळ माझ्या खोलीवर आल्या. चप्पलसुद्धा काढली नाही. “मावशी, एकदाच खरं सांगा. कुठला आहे तो?” खाटेवर लवू बसला होता. आदल्याच महिन्यात त्याने मॅडमना गाठून विचारले होते, “किती पायजेत तुम्हाला? शंभर आणून देतो, जागा तेवढी कळू दे.” मी लवूकडे बघितले आणि म्हटले, कांजूरमार्गच. मॅडम निघून गेल्या.

तरी मी लिहून देते की प्राध्यापिका मीरा साळवे यांनी काहीही खोटे केलेले नाही. खोटे मी सांगितले, तीन वर्षांत दोन वेळा. या कलमाची नक्कल काशीरामनी त्या संस्थेला, त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञांना आणि कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना रजिस्टर पोस्टाने पाठवावी, आणि माझ्या मरणाची वाट न बघता उद्याच पाठवावी.

कलम चौथे. माझ्या पश्चात खोली येईल त्या किमतीला विकावी आणि सगळी रक्कम एका निधीत घालावी. निधीचे नाव ‘वरचे पाच’. माझे नाव नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करण्याचे काम काशीराम करतील, त्यांनी असले कागद आयुष्यभर केले आहेत. विश्वस्त ते आणि मीरा मॅडम. निधीचे काम एकच. दर पावसाळ्यात एका शिकलेल्या माणसाने, मग तो मॅडमचा विद्यार्थी असो की विद्यार्थिनी, त्या कातळाजवळ बसायचे, ऐकायचे, मोजायचे आणि लिहायचे. त्याला जाण्यायेण्याचा खर्च, रेनकोट, गमबूट, टॉर्च, आवाज धरायला टेपरेकॉर्डर आणि दोन वेळचे पोटभर जेवण निधीतून मिळावे. उपाशी माणूस मोजणीत चुकतो, हे माझ्या अनुभवाचे आहे. बेडूक धरायचा नाही. धरलाच तर बघून तिथेच सोडायचा. चिरायचा तर नाहीच.

हे सगळे येत्या जूनच्या आत झाले पाहिजे. का ते सांगते. कातळाच्या वरच्या अंगाला खडीची खाण आहे. खाणी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पुष्कळ आहेत, ज्याला शोधायच्या त्याने शोधाव्यात. खाण सरकत सरकत पन्नास पावलांवर आली आहे आणि कातळावर लाल रंगाच्या खुणा पडल्या आहेत. मॅडम म्हणतात, एक पावसाळा जरी नीट लिहिलेला हातात असला तर सरकारकडे अर्ज करता येतो, खाण थांबवा म्हणून भांडता येते. हातात कागद नसला तर तिथे काही नव्हतेच असे होते. तो एक पावसाळा मला पाहिजे आहे. खोलीचे पैसे कोर्टकचेरीत अडकले तर तो जाईल, म्हणून पोस्टातले आधीच दिले. ते एका पावसाळ्याला पुरतील, पुढच्याला नाही. मी कोर्टाच्या पाया पडते, उशीर करू नये. काशीराम म्हणतात, कोर्टाच्या पाया पडता येत नाही. मग कोणाच्या पडू ते त्यांनी सांगावे.

कलम पाचवे, लवूबद्दल. लवू यजमान गेल्यावर गावाहून आला. मी त्याला याच खोलीत ठेवला, बेडूक धरायला शिकवला, कातळ मात्र कधी दाखवला नाही. तो पुढे परदेशात तंगड्या पाठवणाऱ्या पार्टीला माल द्यायला लागला. तंगड्या कापून उरलेला बेडूक जिवंत टोपलीत टाकतात, तो हातांनी सरकत बसतो. मी एकदा तिथे गेले होते, नंतर गेले नाही. आपण तरी कोण मोठे, आम्ही चिरायला देत होतो. पण मला ते बघवले नाही हे खरे आहे. लवूला खोली पाहिजे. डॉक्टरांकडून आल्या दिवशीच त्याने विचारले आणि मी काय ठरवले ते सांगितल्यावर म्हणाला, “वयनी, माणसां मेली काय, खोली बेडकांका देतलस ती?” त्याला स्वतःची खोली घाटकोपरला आहे, कलर टीव्ही आहे. त्याला या मिळकतीतून काहीही मिळू नये. मी त्याच्यावर रागावलेली नाही, असे लिहायला काशीराम सुचवतात. मी रागावलेली आहे.

कलम सहावे, वस्तूंबद्दल. गॅसबत्ती मीरा मॅडमना. मोठे जाळे माझ्याबरोबर जाळावे, कोणाला देऊ नये, कितीही गोड बोलून मागितले तरी. वेताच्या सहा पाट्या दादूला, त्याच्या खारदांड्याच्या बहिणीला मासळीसाठी उपयोगी पडतील. दादू साक्षीदार आहे म्हणून त्याला काही देऊ नये असे काशीरामचे म्हणणे पडले, तेव्हा पाट्या त्याने सही करण्याआधीच दारात नेऊन ठेवल्या आहेत. शेजारीण प्रेमा हिलाही याच कारणाने पाटा-वरवंटा आणि स्टोव्ह कालच देऊन टाकला. स्टोव्हची पिन वाकडी आहे, ती बदलून घे गं.

माझे मंगळसूत्र विकून मी टेपरेकॉर्डर आणायला पैसे दिले. यजमान असते तर ओरडले असते आणि मग स्वतःच दुकानात गेले असते.

कलम सातवे. जानेवारीत मी मॅडमना निरोप पाठवून बोलावले आणि खरे सांगितले. लवू नव्हता. त्या म्हणाल्या, “दोन पावसाळे, मावशी. माझा पाय सडत होता.”

“माहीत आहे गं.”

“आणि तरी?”

“आणि तरी.”

मी त्यांना चहा दिला. इथे आणखी एक लिहून ठेवते. पहिल्या वर्षी त्यांनी कॉलेजात मला चहा दिला तेव्हा मी पित्ताचे निमित्त सांगून घेतला नव्हता. त्यांचे आडनाव कळले होते म्हणून. त्या हसल्या होत्या आणि कप स्वतः प्यायल्या होत्या. त्यांना तेव्हाच समजले असणार. या जानेवारीत मी दिलेला चहा त्यांनी सगळा प्यायला आणि विचारले, “चालवेल का तुम्हाला?” मी म्हटले, जिना उतरवत नाही. त्या म्हणाल्या, “मग पाठीवर बसा.”

दोन रिक्षा बदलल्या आणि पुढची चढण त्यांनी मला पाठीवर घेऊन काढली. माझे वजन आता दोन भरल्या पाट्यांइतके असेल, पण चढ तो चढ. मध्येच त्यांचा तोच पाय लचकला. मी म्हटले ठेव मला खाली, तर म्हणाल्या, “गप्प बसा आता, जागा दाखवा.” माणूस तिथे पहिल्यांदाच दुसऱ्याला घेऊन गेला म्हणजे कसे वाटते ते मला सांगता येणार नाही. यजमानांचा विश्वासघात केल्यासारखे वाटले आणि मोकळेही वाटले.

कातळ कोरडा होता. एकही बेडूक दिसला नाही. त्या दिवसांत दिसतही नाही, ते भेगांत आत जाऊन बसतात. मॅडमनी एका भेगेत हात घातला, बाहेर काढला, बोटांना ओल होती. त्यांनी ती मला दाखवली. तेवढेच. आत कोणी आहे की मी शेवटचे पाच कधीच मोजून दिले, हे आम्हा दोघींनाही माहीत नाही. मला रात्रंदिवस तेच खाते. पोटातले दुखणे गोळीने तासभर थांबते, हे थांबत नाही.

तेव्हा असे लिहिते. पहिल्या पावसाळ्यात बेडूक सापडला नाही तरी निधी बंद करू नये. सात पावसाळे माणूस बसवावा. नाही तर नाही, पण तेही कोणीतरी तिथे भिजत बसून, मोजून लिहिलेले असावे. माझ्यासारखीने घरबसल्या सांगितलेले नसावे. सात वर्षांनी काहीच नसेल तर उरलेले पैसे दुसऱ्या कुठल्या नाव नसलेल्या प्राण्याला द्यावेत, तो मॅडमनी निवडावा.

कलम आठवे, माझ्या क्रियाकर्माबद्दल. मला मूल नाही. पिंड लवूच देईल, त्याला लोकांची लाज आहे. दहाव्याला कावळा शिवणार नाही हे मी आजच सांगून ठेवते. तेव्हा लवूने सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायचे: “वयनी, खोलीवर माका हक्क नको. जागा मी इचारूचंय नाय.” म्हटल्याशिवाय दर्भाचा कावळा करून उरकू नये. प्रेमा तिथे उभी राहील. ऊन चढले तरी चालेल, लवूला सवय नाही, प्रेमाला आहे. काशीराम म्हणतात, याला कायद्यात किंमत नाही. कायद्याला लवू भीत नाही. कावळ्याला भितो, त्याच्या आईच्या वेळी मी बघितले आहे.

त्याने म्हटल्यावरही कावळा शिवला नाही तर त्याला दोष देऊ नये. मग माझी अडलेली इच्छा जूनमधली, त्या कातळावरची आहे असे समजावे. मॅडम बौद्ध आहेत, त्या पिंड वगैरे मानत नाहीत, तरी मी काल त्यांच्याकडे मागणे मागितले. पावसाळ्यात कातळावर बसून झाले की एकदा या चाळीच्या पत्र्यावर भाताचा गोळा ठेवा आणि वरचा ओरडला का ते मला सांगा. त्या म्हणाल्या, “मावशी, भात मी ठेवणार नाही. पण येऊन सांगेन. जे ऐकलं असेल तेच सांगेन.”

भात प्रेमा ठेवील. मॅडमनी फक्त सांगावे. ओरडला असेल तर ओरडला. नसेल ओरडला तर नाही म्हणावे. कावळा खोळंबला आहे, म्हातारीचा जीव अडकला आहे, असे मनात आणून हो म्हणू नये. दया म्हणून एकदाही खोटे सांगू नये, मी मेलेली असले तरी. मग कावळा नाही शिवला तर नाही शिवला. मी थांबेन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे, फक्त लवूबद्दलचे दोन शब्द काशीरामनी गाळले आहेत. सही माझी आहे. अक्षर वाकडे आले म्हणून ती माझी नव्हे असे कोणी म्हणू नये.

(सही) शेवंती धोंडिराम धुरी

आम्ही खाली सह्या करणारे, शेवंतीबाईंनी आमच्यासमोर शुद्धीत सही केली ती पाहिली. सही करताना त्या दोनदा थांबल्या. आम्ही हात धरायला गेलो, त्यांनी धरू दिला नाही.

साक्षीदार १. (सही) दादू राजाराम वैती, प्रयोगशाळा शिपाई, राहणार खारदांडा
साक्षीदार २. (सही) प्रेमा अनंत लाड, राहणार खोली नंबर आठ

लेखक : (सही) काशीराम बाळा तावडे

दिनांक : २३ फेब्रुवारी १९८६, रविवार

स्थळ : खोली नंबर सात, भांडुप. दुसरे स्थळ मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.